पारड्याचं कुंकू

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मंगळागौरीला बायका दार अडवून बसल्या तर उखाण्यात घ्यायचं, तेवढंच. पण सगळी हकिगत सांगायची तर कितीदा ‘हे’ आणि ‘ते’ करत बसू, ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हायचा. तर महिपतराव. महिपतराव भोईटे, राहणार दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर. घेतलं नाव. रागवायला आता ते नाहीत, आणि असते तरी रागावले नसते. घरातला सगळा राग देवानं माझ्याच पदरात घातला होता, त्यांच्यासाठी काही शिल्लकच ठेवला नव्हता.

ते संस्थानच्या शिकारखान्यात होते. असं म्हटलं की लोक लगेच डोळे मोठे करतात. हत्ती, मचाण, वाघ, पिळदार मिशा. तसलं काही नाही हो. ह्यांनी जन्मात एक ससा मारला नाही. अंगणात विंचू निघाला तरी चिमट्यात धरून गल्लीच्या टोकाला सोडून यायचे, आणि मग मी बोलायची. ह्यांचं काम होतं काडतुसं भरायचं. पणजोबा दक्षिणेतून फौजेबरोबर भाला घेऊन आले, आजोबा पागेत, सासरे तोफखान्यात, आणि हे टेबलाशी बसून पितळेच्या पुंगळ्यांत दारू मोजणारे. सासूबाई म्हणायच्या, भोईट्यांची तलवार झिजत झिजत चमचा झाली. त्या म्हणाल्या तर चालायचं, दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी तोंड उघडायची.

ते काम जरा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शिकारीची चांगली रायफल, बोल्ट मागे ओढून एकेक काडतूस चढवायची तसली, तिला बाजारचं काडतूस चालतं, पण आवडतंच असं नाही. चालणं वेगळं, आवडणं वेगळं. एकाच कारखान्यात एकाच दिवशी झालेल्या दोन रायफली असल्या तरी एकीला दारू थोडी जास्त मानवते, दुसरीला बेतानं. एकीला गोळी पुंगळीत खोल बसलेली हवी, एकीला जरा वर. नाही मानवलं तर नेम धरणारा कितीही पक्का असो, पाच गोळ्या पाच दिशांना. मग ह्यांचं काम सुरू व्हायचं. झाडलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, घासायच्या, तोंडाशी चीर गेलीय का बघायचं, साच्यात घालून पुन्हा मापात आणायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची. मग दारू. सुरुवात नेहमी कमी मापानं. तेवढ्याची पाच काडतुसं, मग कणभर वाढवून पाच, मग आणखी कणभर. प्रत्येक पाचाला वेगळ्या रंगाचा दोरा. मैदानात रायफलीला टेकण देऊन ती झाडायची आणि कागदावरची भोकं बघायची. ज्या रंगाची भोकं एकमेकांना चिकटून येतात, ते रायफलीचं उत्तर. एकदम जास्त दारू घातली तर रायफल फुटून माणूस जायचा, म्हणून हे कुणालाही घाई करू द्यायचे नाहीत. साहेब असो की सरदार, बसा म्हणायचे.

नवी नवरी असताना मी एकदा म्हटलं, ह्यात काय मोठं, आमटीत मीठ घालतो तसंच की. मला वाटलं चिडतील. तर म्हणाले, “तसंच. फक्त आमटी चाखून बघता येते. इथे तराजूवर विश्वास ठेवावा लागतो.”

तो तराजू शिसवी पेटीत असायचा. आत हिरवं मखमल, पितळेचा नाजूक दांडा आणि बत्ताशाएवढी दोन पारडी. मोहरीचा दाणा टाकला तरी काटा सांगायचा. दसऱ्याच्या सकाळी शिकारखान्यात बंदुका, सुऱ्या, साचे सगळं मांडून पूजा व्हायची, तशी ह्यांच्या तराजूचीही व्हायची. पारड्यांना कुंकू लावायचं ते खालून, कारण वरती दारू ठेवायची असते. त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पूजा उतरवायची, आणि ती ज्यानं मांडली त्यानं उतरवायची नाही. हा तिथला रिवाज.

ह्यांच्या तराजूची पूजा उतरवायचा सूर्याजी. बंदुका साफ करायचं काम त्याच्याकडे, आणि ह्यांचा जिवाभावाचा माणूस. आता कुंकू पुसायचं म्हटलं की आमच्यात हात कचरतो. सवाष्ण तर पुसणार नाहीच, पण ज्याची बायको घरात धडधाकट आहे असा पुरुषसुद्धा आपल्या हातानं पुसायला मागेपुढे बघतो. सूर्याजी विधुर होता. तो म्हणायचा, “माझं जायचं ते गेलंय, आणा इकडे,” आणि ओल्या फडक्यानं पारडी लख्ख करून ठेवायचा.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. संस्थान गेलं, मध्यभारत झालं, बाड्यावरच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातल्या, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. शिकारखाना बंद झाला. रायफली कुठे कुठे गेल्या देव जाणे. शिकारखान्याचे मुख्य संभाजीराव म्हणून होते, फूलबागेपलीकडे राहायचे. त्यांनी जाताना तराजूची पेटी आणि साचे ह्यांच्या हातात ठेवले. म्हणाले, “महिपतराव, हे माझं म्हणून तुमच्याकडे राहू द्या. मागेन तेव्हा द्या.” त्यांनी कधी मागितलं नाही. कधीमधी आपल्या एका रायफलीसाठी काडतुसं भरायला सांगायचे, तेवढ्यापुरती पेटी उघडायची. दसऱ्याला पूजा मात्र चुकली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूर्याजी आपट्याची पानं घेऊन आमच्याकडे यायचा, चहा प्यायचा, पूजा उतरवून जायचा.

ह्यांना जंगलखात्याच्या वखारीत लावलं, ओंडक्यांवर हातोड्यानं शिक्के मारायला. जो हात श्वास रोखून दारूचा कण उचलायचा तो दिवसभर धाडधाड हातोडा मारू लागला. त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार मी करायची, सकाळ-संध्याकाळ, आणि ते ऐकून घ्यायचे.

छप्पन साली पुन्हा तेच. मध्यभारतही जाणार, मोठं मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळ. आमच्या गल्लीत घरटी एक कारकून, त्यामुळे दुसरी बातच नाही. कुणाचं खातं गेलं, कुणाचा साहेब गेला, कुणाच्या फायली गोणपाटात शिवल्या. सूर्याजी शिकारखान्यानंतर एका कचेरीत शिपाई होता, त्याला तर गणपती उठल्याबरोबर सामानासोबत भोपाळला रवाना केलं. निघताना हे त्याला पोचवायला स्टेशनवर गेले आणि परत आल्यावर बराच वेळ चपला हातात धरून ओट्यावर बसून राहिले. मी आत बोलावलं नाही. मलाही कळतं कधीकधी.

वखारही मोडणार होती. भोपाळला चला, नाहीतर घरी बसा. आमची उषा मॅट्रिकला. अशात संभाजीरावांनी बोलावून घेतलं. शहरात काही मंडळी रायफल क्लब काढत होती. परदेशी काडतुसं मिळेनाशी झालेली, तेव्हा रायफली सांभाळायला आणि काडतुसं भरायला माणूस हवा होता. संभाजीराव म्हणाले, माणूस माझ्याकडे आहे. क्लबचे सचिव रघुनाथराव, सज्जन गृहस्थ, पण त्यांना काळजी होती. ह्यांना त्याच साली जाड भिंगाचा चष्मा लागला होता. रघुनाथरावांनी तोंडावरच विचारलं, “डोळ्यांचं कसं काय? हात स्थिर आहे ना? दारूचं काम आहे.” त्यांचं काही चुकलं नव्हतं. शेवटी असं ठरलं की क्लबच्या रायफलीसाठी ह्यांनी काडतुसं भरायची, दसऱ्यानंतर संभाजीरावांनी सगळ्यांसमोर झाडायची. भोकं एकत्र आली तर जागा ह्यांची.

तो सबंध पावसाळा ह्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. वखारीतून आले की हात धुवायचे, तेही साबणानं दोनदा, आणि खिडकीशी बसायचे. लाल दोरा, पिवळा दोरा, निळा दोरा. पावसानं उघडीप दिली की संभाजीरावांबरोबर टांग्यातून शहराबाहेर, टेकडीच्या पोटाशी मैदान होतं तिकडे. येताना कागद गुंडाळून आणायचे आणि स्वयंपाकघरात पाटावर पसरून मला समजावायचे. भाकरी करपते आहे आणि मी भोकं बघते आहे. एक दिवस आले ते हसतच. “हिरवा,” म्हणाले. “हिरव्या दोऱ्यानं हो म्हटलं.” कागदावर पाच भोकं अशी जवळ जवळ, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी. त्या दिवशी मी शिरा केला. खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांत मला त्यांच्या कामाचा असा अभिमान कधी वाटला नव्हता.

आता उरलं होतं ते फक्त हिरव्या मापाची काडतुसं भरणं. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी पूजा मांडली. वाटीत कुंकू पाण्यात कालवून दारूच्या पारड्याला खालून चांगलं दाटसर लावलं, वजनाच्या पारड्याला नुसतं बोट टेकवलं, झेंडूचं फूल ठेवलं, नमस्कार केला. आणि मग पाट सरकवून कामालाच बसले.

मी म्हटलं, “अहो, आज काम करायचं नसतं ना?”

“मुहूर्त आहे,” म्हणाले. “परीक्षा तोंडावर आली. आणि पूजा उतरवायला सूर्याजी आहे कुठे? राहू दे कुंकू तसंच. देवीचं आहे, हाताला यश देईल.”

मला ते पटलं. काम सुरू करताना पारडी रिकामी असताना काटा सरळ उभा राहतो की नाही ते आधी बघायचं, हा त्यांचा नेम. तो त्यांनी बघितला, एका बाजूला वर्खाचा कपटा ठेवून काटा अगदी सरळ केला, आणि दुपार टळेपर्यंत भरत राहिले. मी श्रीखंडाचं ताट झाकून ठेवलं होतं, ते तिसऱ्या प्रहरी जेवले.

दोन दिवसांनी संभाजीराव म्हणाले, परीक्षेआधी त्यातली पाच आपण दोघंच झाडून बघू. गेले. परत आले तेव्हा मी दारात तांदूळ निवडत होते. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि आत गेले. भोकं वरून खाली पडली होती, जिन्याच्या पायऱ्यांसारखी, दोन भोकांत चार बोटांचं अंतर.

मी आत गेले. ते खिडकीशी बसले होते.

“दोरा हिरवा,” म्हणाले. “माप तेच. रायफल तीच. झाडणारा तोच. मग राहिलं कोण?” आणि उजवा हात वर करून दाखवला. “हा राहिला. हात गेला, विजया.”

“चष्म्याचं काही असेल.”

“तेच झालं की. डोळे गेले काय नि हात गेला काय.”

मी खूप बोलले. वखारीला बोलले, हातोड्याला बोलले, भोपाळला तर इतकं बोलले की शेजारची सुनंदा भिंतीपलीकडून ऐकत असणार. ते नुसते मान हलवत होते. म्हणाले, “रघुनाथरावांना उद्या सांगून टाकतो. दुसऱ्याच्या हातातली रायफल आहे. अंदाजानं दारू भरून कुणाचा जीव घ्यायचा का? पेटी संभाजीरावांना परत देतो. आपण भोपाळला जाऊ. तिथे सूर्याजी आहेच.”

उषा माझ्या मागे मागे फिरायला लागली. “आई, बाबांना समझाव ना. ऐसे कैसे चलेगा? ते जेवले पण नाहीत.” मी तिलाही एक धपाटा दिला, मग तिला जवळ घेतलं.

मला भोपाळचं दुःख नव्हतं. चूल काय, कुठेही मांडता येते. पण हे बसले होते ते उजवा हात मांडीखाली घालून. पाहुणा आल्यावर फाटकी बाही लपवतात ना, तसा. ज्या हाताकडे मी लग्न झाल्यापासून बघत आले होते, तो हात ते माझ्यापासून लपवत होते. ते मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेटी घेऊन निघणार म्हणून आंघोळीला गेले. पेटी ओट्यावर होती. आता आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. शेजारणीची वाटीसुद्धा परत करताना चिमूटभर साखर घालून करायची. पेटी काही भांडं नव्हे, पण परक्याची वस्तू, इतकी वर्षं आमच्या घरात राहिलेली. म्हटलं, पुडीत थोडी साखर बांधून आत ठेवावी. त्यांच्या तराजूला मी एरवी हात लावत नसे. त्या दिवशी पहिल्यांदा मीच पेटी उघडली.

हिरव्या मखमलीवर लाल लाल भुगा पडला होता. दारूच्या पारड्याच्या बरोब्बर खाली. 

मी पारडं उचलून उलटं केलं. दसऱ्याला लावलेलं कुंकू वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, आणि अर्धं गळून गेलं होतं. बोट लावलं तर आणखी एक पापुद्रा सुटला. आता ह्याचा अर्थ पुरुषाला एकदम लागणार नाही, पण बाईला लागतो. आम्ही कुंकू लावताना आधी कपाळाला मेण लावतो, त्यावर कुंकू. मेण नसलं आणि नुसतं पाण्यात कालवून लावलं, तर ओलं असेपर्यंत ठसठशीत दिसतं, दुपारपर्यंत वाळतं, आणि मग झडून नाकावर, पोळीवर, लेकराच्या डोक्यावर पडत राहतं. हे आम्हाला आईच्या मांडीवरच कळलेलं असतं.

मी न्हाणीच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

“अहो, दसऱ्याला काटा सरळ केला तो कुंकू लावल्यावर की आधी?”

“लावल्यावर. का?”

“कुंकू ओलं होतं तेव्हा?”

आतून पाण्याचा आवाज थांबला.

“आणि मग दुपारपर्यंत भरत बसलात. कुंकू वाळत गेलं, गळत गेलं. पारडं हलकं होत गेलं की नाही?”

ते ओलेत्यानंच बाहेर आले. पारडं उजेडात धरलं, मखमलीवरचा भुगा बोटावर घेतला. मग हळूहळू जमिनीवरच बसले. “म्हणजे दारू वाढत गेली,” म्हणाले. “पहिल्याला बरोबर, पुढच्याला जरा जास्त, त्याच्या पुढच्याला आणखी जरा. आणि भरलेली सगळी मी एकाच डब्यात टाकली.” मग म्हणाले, “बरं झालं कणभरावरच भागलं.” आणि मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मुलगा हरवून सापडला की आई बघते तसे.

म्हटलं, झालं तर मग, पुसा आणि बसा कामाला. पण ते पारडं हातात घेऊन नुसतेच बसून होते.

“सूर्याजी असता तर,” म्हणाले.

“तो भोपाळला आहे.”

“मी मांडलेली पूजा. मी नाही उतरवत. आणि तू इथे समोर बसली आहेस. तुझ्यादेखत कुंकू कसं पुसू? माझ्याच्यानं नाही होणार ते.”

माणूस कसा असतो बघा. दारूच्या वासात उभी हयात काढली, त्याची भीती नाही. चिमूटभर कुंकवाला घाबरून बसला. मला हसू आलं, आणि लगेच मलाही तीच भीती वाटली. माझी आई, सासू, आत्या, सगळ्यांनी कानात घातलेलं सगळं एकदम आठवलं. सवाष्णीनं कुंकू पुसू नये. पण दुसऱ्या बाजूला तो हात होता, आत्ताच मांडीखालून बाहेर आलेला. मी म्हटलं, जे व्हायचं ते होवो.

“द्या इकडे,” म्हटलं.

पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि पारडं पुसलं. खरं सांगते, मी डोळे मिटूनच पुसत होते. कण मोजायची वेळ माझ्यावर आली असती तर रायफल फुटलीच असती. दोन्ही पारडी पुसून झाली तेव्हा माझ्या बोटांना आणि पदराला कुंकू लागलं होतं. मी ते धुवायला उठणार तोच त्यांनी माझा हात धरला. दिवसाउजेडी, उषा घरात असताना. माझ्या बोटावरचं ओलं कुंकू त्यांनी आपल्या बोटावर घेतलं आणि माझ्या कपाळावर, होतं त्याच्यावरच, लावलं.

“पुसलं नाहीस,” म्हणाले. “जागा बदलली.”

मला रडूच आलं. उषा दारातून म्हणाली, “अरे, आता काय झालं?” आणि मी तिला ओरडले की दूध उतू जातंय तिकडे बघ. दूध चुलीवर नव्हतंच.

ते रघुनाथरावांकडे गेले नाहीत. दसऱ्याची उरलेली सगळी काडतुसं त्यांनी एकेक करून उघडली, दारू परत मोजली, परत भरली. दर काडतुसानंतर रिकाम्या पारड्यांचा काटा बघत होते. मी स्वयंपाकघरातून बघत होते. हात बिलकूल हलत नव्हता.

परीक्षेला मी गेले नाही, बायकांनी जायचं तसलं ठिकाण नव्हतं. दिवसभर मी डबे घासले. जे डबे आदल्या दिवशी घासले होते तेच. उन्हं उतरल्यावर टांगा थांबला आणि मागोमाग संभाजीरावही उतरले, ते कधी आमच्या घरी आले नव्हते. मी पदर सावरून उभी राहिले. ह्यांनी कागद पाटावर पसरला. मी करंडा आणून त्याचं झाकण त्या भोकांवर ठेवलं. पाचही भोकं झाकली गेली, एकाचीही कड बाहेर राहिली नाही.

संभाजीराव म्हणाले, “वहिनी, पेटी आता मी कधीच मागणार नाही.” मी त्यांना चहा दिला आणि त्या साखरेच्या पुडीतलीच साखर त्यात घातली.

आम्ही ग्वाल्हेरातच राहिलो. हे क्लबात लागले आणि पुढे बरीच वर्षं तिथे काडतुसं भरली. दिवाळीच्या तोंडावर नवं राज्य झालं, पाट्या पुन्हा बदलल्या, सूर्याजी भोपाळहून सणावारी यायचा आणि तिथल्या पाण्याला नावं ठेवायचा. पण पूजा उतरवायचं काम पुन्हा त्याच्याकडे गेलं नाही. तो म्हणाला, वहिनी, माझी नोकरी तुम्ही घेतलीत. दसऱ्याला हे पूजा मांडायचे, दिवसभर पेटीला हात लावायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी मी पारडी पुसायची आणि बोटावरचं कुंकू ते माझ्या कपाळावर ठेवायचे. उषाचं लग्न झालं, तिची मुलं झाली, ती माझ्याशी अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलायला लागली, तरी हे चालू होतं. एखाद्या वर्षी भांडण झालेलं असलं तर मी तोंड फिरवून कपाळ पुढे करायची. पण करायची.

ते गेले ते थंडीच्या दिवसांत, दुपारी. जेवले, म्हणाले जरा पडतो, आणि उठले नाहीत. उजवा हात उशाशी होता, उघडा.

मग बायका जमल्या. रिवाजाप्रमाणे जे असतं ते सगळं सुरू झालं. सगळ्यांत वडील होत्या सुमनताई, आमच्या नात्यातल्या. त्या माझ्याजवळ आल्या, डोळ्यांत पाणी, आणि हळूच म्हणाल्या, “विजयाबाई, कुंकू.” त्यांनी हात पुढे केला. त्यांचा काही दोष नव्हता, त्यांच्याही कपाळावरचं असंच कुणीतरी पुसलं होतं.

मी म्हटलं, थांबा. उठले आणि कपाटातून पेटी आणली. सगळ्या बघत राहिल्या. उषा रडत रडत म्हणाली, “आई, हे काय करतेस?” मी दारूचं पारडं काढून उलटं केलं. कपाळावरचं कुंकू बोटानं उचललं, सगळं, आणि पारड्याला खालून लावलं. सुमनताईंना वाटलं असेल की हिचं डोकं फिरलं. मी त्यांना म्हटलं, पुसलं नाही, जागा बदलली. त्यांना काय कळणार, पण त्यांनी हात मागे घेतला.

पेटी माझ्याजवळच आहे. तिच्यात आता कुणी काही मोजत नाही, त्यामुळे काटा थोडा एका बाजूला झुकलेला असतो, तो मी तसाच राहू देते. दसऱ्याला उघडून बघते. ते गेले त्या दिवशी सकाळी मी कुंकू मेणावर लावलं होतं, त्यामुळे अजून झडलेलं नाही.